आठ जणांचं जेवण

अख्ख्या आठवड्यात त्या घरात एक जेवण धड झालं नाही. सोमवारी मधलीचं, म्हणजे मधल्या सुनेचं, सूप करपलं. आता सूप करपवायलासुद्धा अंगात कला लागते, पण मधलीनं ते करून दाखवलं. मंगळवारी थोरल्यानं भात केला, तो खाली लगदा आणि वर कचकचीत. बुधवारी मधल्याच्या रश्श्यातले बटाटे असे कडक निघाले, की त्याच्या जुळ्या पोरांनी ते ताटातल्या ताटात चमच्यानं टोलवायला सुरुवात केली. गुरुवारी थोरलीची, म्हणजे मोठ्या सुनेची पाळी. तिनं जे केलं होतं त्याला अजून कुणी नाव देऊ शकलेलं नाही. शुक्रवार हा उरलंसुरलं संपवायचा वार, पण ते संपवायला कुणी पुढं येईना. शनिवारी थोरलीच्या लेकीनं, भिंगरीनं, ऑम्लेटं केली आणि त्यात मीठ दोनदा पडलं. आणि आज रविवारी, खुद्द अण्णांच्या पाळीला, टेबलावर आले पाव आणि उकडलेली अंडी. सोलायला घेतली तर अंडी हातावर ओघळली.

"कुणी उठायचं नाही," अण्णा म्हणाले. "मला बोलायचंय."

 गेला आठवडाभर थोरली ह्याच वाक्याची वाट बघत होती, आणि ते आलंच नाही तर बरं असंही म्हणत होती.

सासूबाई जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्या गेल्या त्याच आठवड्यात अण्णांनी सगळ्यांना ह्याच टेबलाभोवती बसवून आपला नियम सांगितला होता. स्वयंपाकाला बाई ठेवायची नाही. तयार आणायचं नाही. पाकीट फोडून पाण्यात उकळलं आणि झालं, हेही चालणार नाही. ज्यानं त्यानं आपापल्या वाराला कच्च्यापासून रांधायचं, आणि आठही जणांनी खाली एकत्र बसून खायचं. "हे जमेल तोवर घर एक," अण्णा म्हणाले होते. "ज्या दिवशी बाहेरचं शिजवलेलं ह्या दारातून आत आलं, त्या दिवशी तिन्ही मजले वेगळे. आपापल्या शेगड्या मांडा आणि सुखी राहा." अण्णा घड्याळं दुरुस्त करणारे. बोललेला शब्द पुढंमागं करायची त्यांना सवय नव्हती.

सगळ्यांनी मान डोलावली. पण जमायचं कसं? थोरली इस्पितळाच्या प्रयोगशाळेत. सकाळी सहाला घर सोडायचं, दिवसभर लोकांच्या दंडाला रबर बांधून रक्त काढायचं, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, आणि घरी येऊन आठ माणसांचा रस्सा. थोरला बसच्या डेपोत ब्रेकच्या कामाला, त्याची पाळी दर आठवड्याला बदलायची. मधला वीजजोडणीची कामं घेऊन गावभर फिरायचा, मधली शाळेत शिकवायची आणि उरलेल्या वेळात वह्या तपासायची. पहिले सहा महिने सगळ्यांनी प्रामाणिकपणे रांधलं आणि सगळ्यांनी प्रामाणिकपणे वाईट खाल्लं. रोज कुणीतरी ताट अर्धवट सोडून उठायचं. मधली तर एकदा बोलूनच गेली, "वर एक छोटी शेगडी घेतली तर काय बिघडतं?" ते ऐकून थोरलीला झोप लागली नव्हती. नवरा, लेक, दीर, जाऊ, सासरे, सगळ्यांची तोंडं एकत्र दिसायची ती एवढ्या एकाच तासाला. तो तास गेला, तर अण्णा खाली एकटेच दूध-पाव खात बसणार आणि ह्या घरात नुसते जिने उरणार. आणि तिला ते घर हवं होतं. माहेरी तिला असं टेबल कधी मिळालं नव्हतं.

म्हणून तिनं पाप केलं.

डेपोसमोर एक खिडकी उघडली होती. जेवण विकणारी. खिडकीत पांढरी टोपी घातलेली एक अबोल बाई बसायची, मागं पडदा. थोरलीनं एका गुरुवारी दमून तिथं एक वाटी मसुराचा रस्सा घेतला, उभ्यानंच तोंडाला लावला आणि तिचे डोळे भरून आले. सासूबाईंचा हात! तोच लसूण, तशीच शेवटी वरून घातलेली कोथिंबीर, तसाच तो घशाशी जरासा रेंगाळणारा आंबटपणा. ती तिथल्या तिथं म्हणाली, "आठ जणांचं द्याल? आणि बाई, कुणाला सांगू नका हं."

"मी कुणाला सांगते?" टोपीवाली म्हणाली होती.

तेव्हापासून दर गुरुवारी जेवण घरी यायचं ते प्रयोगशाळेच्या निळ्या पेटीतून. कोऱ्या करकरीत पेटीतून, गैरसमज नको. पण तिच्यावर लाल अक्षरात 'नमुने, उघडू नये' असं लिहिलेलं. कोण उघडणार? घरी येऊन ती रस्सा पातेल्यात ओतायची, घरभर वास सुटावा म्हणून एक कांदा परतायची, आणि साळसूदपणे हाक मारायची, "चला, पानं घेतलीत!"

पण तिला खरं चकित केलं ते बाकीच्या वारांनी. कारण त्याच सुमाराला सगळं घर सुधारलं! मधलीचं वाटाण्याचं सूप असं व्हायला लागलं, की जुळी पोरं वाट्या चाटायची. नवऱ्याचा भात मोकळा, मधल्याची भाजलेली वांगी लोण्यासारखी, आणि अण्णांच्या रविवारबद्दल तर बोलायलाच नको. ती एकेक घास घ्यायची आणि थक्क व्हायची. आई आपल्या लेकरांच्या हातात उतरली, सुनेच्यासुद्धा उतरली, नातीच्याही उतरली. सगळ्यांना मिळालं, आपल्यालाच नाही. आपणच तेवढ्या लबाड. भरल्या ताटावर बसून तिला कितीदा रडू यायचं, आणि सगळ्यांना वाटायचं रस्सा तिखट झालाय.

गेल्या सोमवारी खिडकी बंद झाली. शटरवर कागद: 'काही दिवस बंद'. बस्स. गुरुवारी थोरलीला वर्षभरानं हातात सुरी धरावी लागली. पण सोमवारपासून बाकीच्यांचं काय बिनसलं होतं, ते तिच्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं.

"वर्षभर राजासारखं जेवलो," अण्णा आता म्हणत होते. "आणि ह्या आठवड्यात सगळ्यांच्या हातांना एकदमच काय झालं?"

 थोरला पावाचा चुरा गोळा करत होता. मधली छताकडं बघत होती.

"आपण वर शेगडी घेऊ या," मधला एकदम म्हणाला. "सगळेच दमलोय. रोजची ओढाताण. अण्णा, राग मानू नका, पण..."

"थांबा भाऊजी," थोरली उठली.  जायचंच असेल तर आपल्या चुकीनं जाऊ दे, लोकांच्या दमण्यानं नको, असं तिला वाटलं. "अण्णा, बाकी कुणाचा दोष नाही. नियम मी मोडलाय. गुरुवारचं जेवण मी करत नाही. वर्षभर केलेलं नाही. मी विकत आणते."

"अहो, काय सांगताय काय!" मधली म्हणाली, पण तिचा आवाज काहीतरी विचित्र आला.

"डेपोसमोर एक खिडकी आहे," थोरली सांगत सुटली. "तिथून. माझ्या निळ्या पेटीतून. घरी फक्त कांदा परतते. काय ती शिक्षा मला द्या, पण मजले वेगळे करू नका. पाया पडते."

मधलीनं पदर तोंडाला लावला. आधी वाटलं रडतेय. मग तिचे खांदे गदगदा हलायला लागले. "वहिनी," ती कशीबशी म्हणाली, "मी वह्यांच्या पिशवीतून आणते."

"काय?"

"सोमवारचं. त्याच खिडकीतून. आणि मीही कांदाच परतते!"

"तरीच!" मधला ओरडला. "तरीच बुधवारी मी गेलो की ती टोपीवाली माझ्याकडं बघून ओठ दाबायची!"

"तुम्हीसुद्धा?" मधली नवऱ्यावर उसळली. "माझ्यासमोर हत्यारांची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात जाता, म्हणता मिक्सर दुरुस्त करतोय!"

"त्यात रस्सा असायचा गं."

भिंगरीनं हात वर केला, शाळेत करतात तसा. थोरल्यानं काही केलं नाही, फक्त त्याचे कान लाल झाले, आणि थोरलीनं वीस वर्षांच्या संसारात त्या कानांचा अर्थ कधी चुकवला नव्हता. "अहो, मंगळवार?" तिनं विचारलं. "डेपो समोरच आहे," तो पुटपुटला. मग जो हशा उठला त्यानं जुळी पोरं दचकून टेबलाखाली गेली. एकाच खिडकीतून, एकाच बाईकडून, सगळ्यांनी एकमेकांपासून चोरून! आणि प्रत्येकाला वाटत होतं, चोर आपण एकटेच. बाकीच्यांच्या हातात आई उतरलीय!

थोरली हसता हसता थबकली. अण्णा हसत नव्हते.

"अण्णा," भिंगरीनं हळूच विचारलं, "रविवारचं?"

अण्णांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला. त्याशिवाय त्यांचा चेहरा फार म्हातारा दिसायचा. "भिंतीवरच्या घड्याळाच्या पेटीतून," ते म्हणाले. "सगळ्यांत आधी मी गेलो. तुमच्या कुणाच्याही आधी."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? आमचंही?"

"पहिल्या घासाला. तुमच्यातल्या एकाला तरी धड कांदा चिरता येतो का? तो हात तुमचा नव्हे, हे मला कळणार नाही?" त्यांनी डोळे चोळले. "तो हात तुमच्या आईनं एकटीला दिला होता. धाकटीला. खिडकीच्या पडद्यामागं धाकटी आहे."

हशा जागच्या जागी मेला. ह्या घरात ते नाव नऊ वर्षं घेतलं गेलं नव्हतं.

थोरलीला तो दिवस लख्ख आठवत होता. सर्वांत लहान नणंद, चौदाव्या वर्षापासून आईच्या बरोबरीनं रांधणारी, एके दिवशी म्हणाली होती, मला जेवण विकायचा धंदा काढायचाय. अण्णा म्हणाले, घरचं अन्न विकायला मांडणारी मुलगी मला नको. जायचं तर जा, परत ह्या दारातून यायचं नाही. सासूबाई गप्प राहिल्या होत्या, आणि मग मरेपर्यंत त्याबद्दल स्वतःला बोल लावत होत्या.

"तुम्हाला कसं कळलं, तीच आहे?" मधल्यानं विचारलं.

"वाटी तोंडाला लावली आणि कळलं. पडद्याखालून पाय दिसले. डावा पाय जरा बाहेर टाकून उभं राहायची सवय."

"आणि हाक नाही मारलीत?"

"कुठल्या तोंडानं?" अण्णा म्हणाले. "पुढच्या रविवारी परत गेलो. म्हटलं, तिच्या हातचं ह्या टेबलावर तरी येऊ दे. मग एकेका वाराला तशीच चव यायला लागली, तेव्हा समजलं, तुम्हीही जाता. मी बोललो नाही. माझाच नियम, माझ्याच डोळ्यांसमोर रोज मोडत होता, आणि मी रोज पोटभर जेवत होतो."

"मग आता खिडकी का बंद आहे?" थोरलीनं विचारलं.

अण्णांनी टेबलावरचा चष्मा उचलला, पुसला, न घालताच परत ठेवला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की म्हातारा अंड्यांवरून चिडलेला नव्हता. सहा दिवस घाबरलेला होता.

"आजारी असेल," ती म्हणाली. "जाऊ या. आत्ता."

"मी येत नाही," थोरला म्हणाला.

"अहो!"

"तिची बॅग मी खाली नेऊन रस्त्यावर ठेवली होती. अण्णांनी सांगितलं नव्हतं. मीच, शहाणपणानं." त्यानं पावाचा चुरा मुठीत आवळला. "मी तिच्यासमोर कसा उभा राहू?"

"वर्षभर मंगळवारी उभे राहत होता ना तिच्या खिडकीसमोर?" थोरली म्हणाली. "तसेच राहा. चपला घाला."

ती कधी नवऱ्याशी अशी बोलली नव्हती. त्यानं चपला घातल्या.

रविवारची दुपार, डेपोचा रस्ता शांत. पुढं थोरली, मागं मधली पोरांना धरून, मग मधला आणि भिंगरी, मग अण्णा, आणि सगळ्यांत मागं थोरला. खिडकीच्या बाजूला एक बोळ होता. बोळात रिकामे क्रेट रचलेले, एक वाळत घातलेलं फडकं, आणि पत्र्याचं दार. वर्षभर सगळे खिडकीपाशी आले होते, ह्या बोळात कुणी पाऊल घातलं नव्हतं. थोरलीनं कडी वाजवली. टोपीवालीनं दार उघडलं, आज टोपी नव्हती. तिनं एकेकाचा चेहरा ओळखीनं पाहिला आणि मागं वळून म्हणाली, "आले हो. सगळेच आले."

आतली खोली मोठी होती. थोरली दारातच उभी राहिली, तिला पुढं जाववेना. पोटाएवढी उंच पातेली, भिंतीला टांगलेले झारे, भाजी कापायचं यंत्र, वाफेवर शिजवायचं कपाटाएवढं भांडं, दोन मोठी शीतकपाटं. प्रयोगशाळेत असते तशी स्वच्छता. आणि मधोमध पत्र्याच्या लांब टेबलाशी धाकटी मसूर निवडत बसली होती. केस पांढरे व्हायला लागलेले, मनगटावर भाजल्याचे जुने डाग. धडधाकट होती. थोरलीचा जीव भांड्यात पडला.

"सहा दिवस लागले," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, तीन दिवसांत कुणीतरी येईल मागच्या दारानं."

"तू मुद्दाम बंद ठेवलीस?"

"मग? वर्षभर तुमच्यातलं रोज कुणीतरी यायचं, म्हणायचं, कुणाला सांगू नका, आणि डबा घेऊन जायचं. आत कोण आहे, असं एकानंही विचारलं नाही. म्हटलं, अन्न बंद केल्यावर तरी विचारतील."

 थोरलीची नजर कोपऱ्यात गेली. बाकी सगळ्या खोलीत सगळं अवाढव्य, आणि कोपऱ्यात एक साधी घरगुती शेगडी, दोन मध्यम पातेली, एक खलबत्ता, एक विळी. वर भिंतीवर फळा, आणि त्यावर खडूनं लिहिलेलं. तिनं जवळ जाऊन वाचलं. 'एकूण आठ. अण्णांना मऊ, कवळी आहे. जुळ्यांना तिखट नको. मधल्याला वांगं आवडतं. वहिनी गुरुवारी फार दमलेली असते, गोड काहीतरी घालणे.' गुरुवारच्या डब्यात कायम एक छोटी वाटी खिरीची असायची. थोरलीला वाटायचं, ती सगळ्यांनाच मिळत असेल.

"हे वेगळं का?" तिनं विचारलं, पण तिला कळलं होतं आणि अंगावर काटा आला होता.

"इथून दिवसाला दोनशे डबे जातात, वहिनी. दोनशे डब्यांना मी हातानं कापत बसले तर मरेन. भाज्या यंत्रावर, मटार गोठवलेले, लसणाची पेस्ट पिंपातून. त्यात काही वाईट नाही. माणसं जेवतात, कामाला जातात, पोरांना वेळ देतात. मला त्याची लाज नाही." तिनं मसुरातला एक खडा काढून बाजूला टाकला. "तुमचे आठ तेवढे मी हातानं करायचे. पहाटे, बाकीचे यायच्या आत. लसूण ठेचून, मसाला भाजून, सगळं कच्च्यापासून. अण्णांचा नियम मला इथंही कळला होता. टोपीवालीला तुम्ही सगळेच सांगत होता ना, घरचा नियम काय, कुणाला काय चालत नाही, आणि घरी कळू देऊ नका म्हणून. म्हटलं, ह्यांना पाळता येत नाही तर मी पाळते."

थोरली त्या फळ्यासमोर तशीच उभी होती. रोज पहाटे. वर्षभर. ज्या जेवणाला ती आपली चोरी समजत होती, आपला आळस समजत होती, ते कुणीतरी अंधारात उठून, एकेकाचे दात आणि एकेकाचा थकवा आठवत रांधलं होतं. आणि ज्यांनी तिला रस्त्यावर काढलं, त्यांच्यासाठी. अशा माणसापुढं काय करायचं असतं? थोरलीनं नकळत हात जोडले, मग स्वतःच ओशाळून खाली घेतले.

"अण्णा कुठायत?" धाकटीनं विचारलं.

अण्णा उंबऱ्याबाहेर उभे होते. आत येत नव्हते.

"मी तुला दार बंद केलं होतं," ते बोळातूनच म्हणाले. "मला ह्या दारातून आत यायचा हक्क नाही. त्या दिवशी मी बोललो ते चूक होतं. तुझं काही चुकलं नव्हतं. तुझ्या आईदेखत हे म्हणायला हवं होतं, ते राहून गेलं."

"नऊ वर्षं लागली एवढं म्हणायला?"

"आठ हट्टात गेली," अण्णा म्हणाले. "नववं लाजेत."

धाकटी बराच वेळ मसुरात बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "या आत. उन्हात किती वेळ उभे राहणार?"

अण्णा आत आले. थोरला त्यांच्या मागून आला आणि भिंतीला टेकून, लहान मुलासारखा, आवाज न करता रडायला लागला. धाकटीनं त्याच्याकडं एकदाच पाहिलं. "दादा, बॅगेचं हँडल तेव्हाच तुटलं होतं. तू खाली नेलीस म्हणून मला दोन जिने उचलावी लागली नाही. पूस डोळे."

मधलीनं पुढं होऊन तिचा हात धरला. "घरी चला हो. आता काय राहिलंय? अण्णाच म्हणतायत."

"घरी येऊन काय करू?" धाकटी म्हणाली. रागानं नाही, दमून. "परत तुमच्यासाठीच रांधू? चौदाव्या वर्षापासून लोकांना वाढतेय. दिवसभर चव घेऊन घेऊन भूक मरते, मग उभ्यानं पाव खाते. घर सुटल्यापासून कुणी मला म्हटलेलं नाही, बस, तुझं ताट वाढते. मला आठवतच नाही, कुणी माझ्यासाठी शेवटचं काय शिजवलं होतं."

 सहा स्वयंपाकी उभे होते तिथं, आणि सहाजणांनी वर्षभरात एकट्या कांद्यापलीकडं काही परतलं नव्हतं.

थोरलीनं बाह्या वर केल्या. "ऊठ तिथून," ती म्हणाली. "ते मसूर दे इकडं. आणि त्या खुर्चीवर बस. हात लावायचा नाही कशाला."

"वहिनी, तुम्हाला जमणार नाही."

"माहीत आहे. बस."

मग त्या खोलीत जे झालं ते बघण्यासारखं होतं. मसूर अण्णांनी घेतले. घड्याळाचे स्क्रू वेचायची सवय, एकेक दाणा उजेडात धरून तपासायला लागले, पाऊण तास लागला. मधल्यानं यंत्राची वायर लावून बटाटे आत घातले, ते बाहेर आले दोऱ्यासारखे. "अहो, ते पातं बदला!" मधली ओरडत होती. भिंगरीनं लसूण सोलला, पोरांनी तो अर्धा सांडला. थोरला शेगडीपाशी उभा राहून ब्रेक तपासावा तसा वाकून ज्योत बघत होता. मध्येच सगळे एकमेकांवर आदळत होते. खुर्चीवर धाकटी स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून बसली होती. दोनदा ती उठली आणि दोनदा थोरलीनं तिला डोळ्यांनी परत बसवलं. बाहेर ऊन उतरलं तेव्हा कुठं रस्सा झाला.

टोपीवाली मघाशीच घरी गेली होती; पत्र्याच्या लांब टेबलाभोवती नऊ जण बसले. वरच्या मजल्याचं, शेगडीचं, कुणी नाव काढलं नाही. थोरलीनं पहिलं ताट धाकटीपुढं ठेवलं. कुणी चमचा उचलला नाही, सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते.

तिनं एक घास घेतला. सावकाश चावला.

"मसूर कच्चे राहिलेत," ती म्हणाली. "बटाटा विरघळलाय. खाली लागलंय जरा. मीठ कुणी घातलं?"

"मी," अण्णा म्हणाले.

"घातलेलंच नाही, अण्णा."

अण्णा गडबडीनं मिठाच्या डब्याकडं वळले. धाकटीनं ताटावर आडवा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "असंच खाणारे मी हे."

आणि मान खाली घालून ती खायला लागली. भराभर, भुकेल्या माणसासारखी, मध्ये पाणीसुद्धा न पिता. अळणी रस्सा तिनं पावानं पुसून पुसून संपवला. मग रिकामं ताट दोन्ही हातांनी बापापुढं धरलं.

"वाढा अजून."